नाव पालटायला चार माणसं

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्याकडून भलत्या अपेक्षा राहणार नाहीत. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि त्या पस्तीस वर्षांत हेडमास्तरापासून गावच्या मोकाट वळूपर्यंत सगळ्यांना घाबरलो. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत बौद्ध होऊन बावीस वर्षं झाली होती, तरी हजेरीपटावरचं माझं ‘सीताराम’ हे नाव बदलून घ्यायचा अर्ज करायलाही घाबरलो. पण ही हकीकत माझी नाही, नागनाथची आहे. माझं त्यात काम एवढंच, की एक चिठ्ठी मी लिहिली.

दुधना नदीच्या काठावर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, आणि वस्तीतलं शेवटचं, पाण्यालगतचं घर नागनाथचं. माझ्यापेक्षा तो चार वर्षांनी मोठा. चौथीत शाळा सोडली आणि मोठा झाल्यावर पिंपरीकडे गेला. तिथे एका कारखान्यात काचेच्या कापडावर रेझिन चोपडून मोटारींची टपं, पाण्याच्या टाक्या असलं काहीबाही बनवायचे. आठ वर्षं त्याने ते काम केलं. म्हातारी आई, चांगुणाबाई, एकटी पडली म्हणून परत आला तेव्हा त्याच्याजवळ काचकापडाचा एक गठ्ठा, रेझिनचे डबे, हातांना कायमची खाज आणि इंग्रजी मासिकातलं एक फाटकं चित्र एवढा ऐवज होता.

चित्रात एक होडी पाण्याच्या वर उभी होती. वर म्हणजे अक्षरशः वर, मधून हवा दिसत होती. होडीला खाली दोन पाय, आणि पायांना आडवा जोडलेला एक पंख. तो तेवढा पाण्यात.

मला वाटलं, गडी कामातून गेला. पण नागनाथ समजावून सांगायला बसला की समोरच्याची सुटका नसे. पतंग वाऱ्यावर चढतो तसा हा पंख पाण्यावर चढतो, असं त्याचं म्हणणं. चित्रातल्या होडीला त्यासाठी मोठं इंजिन लागतं, कारण पाणी उभं आणि होडी पळती. आपल्याकडे उलट करायचं. होडी तारेला बांधून उभी ठेवायची आणि पाण्याला पळू द्यायचं.

आमच्या गावाला नदीवर पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी तार ओढलेली होती आणि तिच्यावरच्या कप्पीला होडी बांधून, तार हातांनी ओढत माणसं पार व्हायची. पूर आला की पाणी होडीच्या पोटाला असं रेटायचं की तार तुटायची वेळ यायची, म्हणून पावसाळ्यात दोन-दोन आठवडे वाट बंद. नागनाथ म्हणे, होडी वीतभर वर उचलली गेली की पाणी खालून निघून जाईल, तारेला ओढ लागणार नाही, आणि जितका पूर मोठा तितकी होडी वर. ज्या पाण्याची भीती त्याच पाण्याच्या जोरावर पार व्हायचं.

दोन वर्षं तो त्या पंखाच्या मागे होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पाच हातांचा गाभा तासला, वरून फुगीर, खालून सपाट. त्यावर काचकापडाचे थर बसवले. प्रत्येक थराखालचा बुडबुडा बोटाने दाबत दाबत कडेला न्यायचा, एक राहिला तरी तिथून फुटणार. कारखान्यातल्या एका साहेबाने त्याला सांगितलं होतं, की परदेशात कोळशाचा धागा काढतात आणि त्याचं कापड लोखंडाला भारी पडतं. हा पठ्ठ्या चुलीतला कोळसा वाटून रेझिनमध्ये कालवायला लागला. त्याने ताकद किती आली देव जाणे, पण पंख काळा कुळकुळीत झाला. चांगुणाबाई म्हणायची, “काळ्या सुनेवानी दिसायलाय, पन घरात तर आली.” नागनाथचं लग्न झालेलं नव्हतं, त्याचा हा टोमणा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या आषाढाच्या शेवटी मुंबईला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि रेडिओवर बातमी आली. वस्तीत कुणी पेढे वाटले नाहीत. रेडिओ बंद करून आम्ही एकमेकांकडे पाहिलं, एवढंच.

चार दिवसांत बातम्या यायला लागल्या. अमक्या गावात वस्ती पेटवली, तमक्या ठिकाणी विहिरीत काय टाकलं. खरं किती, वाढवलेलं किती, कोण सांगणार? एसटी बंद झाली. आमच्या वस्तीतले बाप्ये मानवतला नातलगांकडे निघून गेले, पोरंबाळं आणि तरण्या बायका सोबत नेल्या. उरल्या म्हाताऱ्या. त्या दिवसा चूल पेटवत नव्हत्या, धूर दिसू नये म्हणून. नागनाथ आईमुळे थांबला. मी थांबलो, कारण शाळेची किल्ली माझ्याकडे होती आणि ती कुणाकडे द्यावी हे ठरवण्याची माझी हिंमत झाली नाही.

नागनाथची धाकटी बहीण सगुणाबाई पलीकडच्या काठावरच्या वाडीत दिलेली. नवरा कामाला परभणीला अडकलेला, घरात ती आणि तीन वर्षांची लेक. त्या वाडीत आपली घरं मोजून चार. दुधनेला पूर होता. एका दुपारी ती लेकीला कडेवर घेऊन पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली. पाण्याच्या आवाजात शब्द काही कळेना. पदर हलवत होती, मागे वाडीकडे हात करत होती, पुन्हा पदर हलवत होती. आम्ही या काठावर उभे. चांगुणाबाई नुसती “काय म्हणायलीय, काय म्हणायलीय” करत राहिली. मग सगुणाबाई तिथेच खाली बसली.

नागनाथ संध्याकाळी माझ्याकडे आला. पंख तयार होता, पण होडीला जोडलेला नव्हता. पाय होडीच्या बुडाला काचकापडाने गुंडाळून पक्के करायचे, तर होडी आधी पालथी करायला हवी, आणि काम झाल्यावर धक्का न लावता सुलटी करायला हवी. त्याला चार गडी लागणार. मानवतच्या मोंढ्यात आमच्या वस्तीचा किशनराव हमाली करायचा, त्याला चिठ्ठी पाठवायची होती. गावचा आश्रुबा रोज सकाळी सायकलवर मानवतला दूध घालायचा. अडाणी, पण मनाचा साफ. तो नेईल म्हणाला होता.

“होडी उलटी करायला चार गडी घेऊन ये, एवढंच लिवा,” नागनाथ म्हणाला.

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. ‘उलटी’ हा शब्द मला कागदावर बरा दिसेना, उलटी म्हणजे ओकारी. ‘होडी’ म्हणजे पहिलीच्या पुस्तकातली. मी लिहिलं, ‘नाव पालटायला’. ती नाव आणि ते नाव, शब्द एक पण लिंग वेगळं, हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला घोकून घेत होतो. आणि माझ्या हातून असं वाक्य उतरलं की त्यात लिंगच दिसेना. शिवाय नागनाथने न सांगितलेलं थोडं भीतीपोटी पदरचं घातलं. चिठ्ठी अशी होती:

‘जयभीम. आज दुपारी नाव पालटायला चार दणकट माणसे घेऊन यावे. सामान तयार आहे. काम वीस मिनिटांत उरकले पाहिजे. विडी-काडी जवळ बाळगू नये, सामान पेट घेणारे आहे. गावात बोभाटा करू नये.’

खाली सही केली नाही. सरकारी नोकर माणूस, कशाला सही? नागनाथने ती वाचलीही नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा फाट्यापर्यंत पोचला आणि चिठ्ठी नेमकी कुणाला द्यायची ते विसरला. विचारायला म्हणून त्याने ती फाट्यावरच्या हाटेलवाल्याला दाखवली. हाटेलवाल्याने मोठ्याने वाचली. तिथे बाकड्यावर आमच्या गावची दोघं चहा पीत होती.

तासाभरात गावात झालं असं: वस्तीतले लोक मानवतहून माणसं आणणार, पेटतं सामान तयार आहे, आणि आज दुपारी गावाचं नाव पालटणार. गावाच्या वेशीवर नावाची पाटी होती, निळी, पांढऱ्या अक्षरांची. वीसेक माणसं काठ्या घेऊन त्या पाटीभोवती पहाऱ्याला बसली. आज ऐकताना हसू येईल. पण ती माणसंही घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात काठी असली की तो काय करील ते सांगता येत नाही. हे मी अनुभवाने सांगतो, माझ्या हातात काठी नव्हती एवढाच फरक.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपार झाली, किशनराव येईना. पलीकडच्या काठावर सगुणाबाई पुन्हा येऊन बसली होती. शेवटी नागनाथने पहार आणि दोर घेतला, आणि मी, तो, चांगुणाबाई अशा तिघांनी उताराचा फायदा घेऊन होडी कशीबशी पालथी पाडली. पाडणं सोपं असतं. नागनाथने रेझिनचा शेवटचा डबा उघडला, मापून हार्डनर घातला आणि घोटायला लागला. हार्डनर पडला की वीस मिनिटं. त्यानंतर रेझिन दगड होतं, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याने उजवा पाय जागेवर धरला, काचकापड गुंडाळलं, ब्रशने चोपडलं, बुडबुडे दाबले. डाव्या पायाला हात घालणार, तेवढ्यात बांधावरून माणसं उतरताना दिसली.

सगळ्यांत पुढे आबासाहेब. गावचे मोठे शेतकरी, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या हातात चिठ्ठी. मागे काठ्या, दोघांच्या हातात रॉकेलचे टेंभे, अजून न पेटवलेले. सगळ्यांच्या मागे रडवेला आश्रुबा. मी होडीला टेकलो.

आबासाहेबांनी आरडाओरडा केला नाही. नाव म्हणजे कोणतं नाव, आणि कोण चार माणसं येणार, एवढंच विचारलं. नागनाथने पालथ्या होडीवर हात ठेवून सांगितलं की नाव म्हणजे ही. मागून कुणीतरी म्हणालं की होडीला कुणी नाव म्हणत नाही, आपल्याकडे होडीच म्हणतात. आणि ते खरं होतं. आबासाहेब म्हणाले, ही चिठ्ठी लिहिली कुणी ते सांगा. लिहिणारा सांगेल त्याच्या मनात काय होतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नाच्या याद्या माझ्या हाताने लिहिलेल्या. माझं अक्षर त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

“गुरुजी, हे अक्षर तुमी वळखता का?”

आता वाटतं, ते मला वाट करून देत होते. मी पुढे होऊन म्हणालो असतो, की मी लिहिलं, ती नाव, स्त्रीलिंगी, माझी चूक झाली, तर मिटलं असतं. माझ्या शब्दाला गावात तेवढा मान होता. पण मला दिसत होते फक्त टेंभे. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “न्हाई.”

नागनाथने माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

“मी लिवली,” तो म्हणाला.

आबासाहेब म्हणाले, लिहून दाखव. नागनाथने हातातल्या डब्याकडे पाहिलं. हार्डनर घालून दहा मिनिटं होऊन गेली असतील. तो म्हणाला, “आदी एवढा पाय जोडू द्या मालक. मग काय मारायचं ते मारा. पल्याड माझी भन बसलीय.”

सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. सगुणाबाई उभी राहिली होती. तिला तिकडून काठ्या दिसत असणार. पण मागच्यांनी गलका केला, आधी लिव म्हणून. एकाने काठीचं टोक त्याच्या छातीला लावलं. नागनाथने डबा खाली ठेवला, रेझिनसाठी आणलेला कोळशाचा खडा उचलला आणि होडीच्या बुडावर लिहायला बसला. चौथी शिकलेला माणूस, पंचवीस वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. अक्षर काढता काढता त्याला घाम फुटला. त्याची नजर सारखी डब्याकडे जात होती. त्याने लिहिलं, ‘होडि’. ऱ्हस्व.

आबासाहेबांनी एकदा चिठ्ठी पाहिली, एकदा बूड पाहिलं. हे अक्षर ते नव्हे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मागून कुणीतरी टेंभा पेटवायला काडी ओढली.

आणि डबा धुरायला लागला.

रेझिन डब्यात साचून घट्ट होऊ लागलं की आपोआप तापतं. हे नागनाथला माहीत, मला ऐकून माहीत, गर्दीला कुठून माहीत असणार? डब्याला कुणी काडी लावलेली नाही आणि त्यातून पांढरा धूर, नाकात झोंबणारा. मग आत काहीतरी तडकलं आणि पत्रा टणकन वाजला. “बाँब हाय” असं कोण म्हणालं कळलं नाही. काठ्या, टेंभे टाकून माणसं बांधावर पळाली. आबासाहेबांचं धोतर बाभळीला अडकून फाटलं. मीही पळालो. डब्यात काय आहे हे माहीत असून पळालो.

बांधाआडून वळून पाहिलं, तर नागनाथ डब्याजवळ उकिडवा बसला होता. काठीने आतला गोळा उपसून पाहत होता. शेवटचं रेझिन होतं ते. चांगुणाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. आणि आश्रुबा तिथेच उभा होता. नंतर त्याने मला सांगितलं, की पळायचं होतं, पण पायच उचलेनात.

मी परत गेलो तेव्हा नागनाथ डावा पाय तारेने आणि काथ्याने आवळत होता. “धरा तिकून,” एवढंच म्हणाला. तो, मी, आश्रुबा आणि चौथं माणूस म्हणून चांगुणाबाई, अशा चौघांनी होडी सुलटी केली. उजवा पाय दगडासारखा पक्का होता. डावा हाताने हलवला तर कुरकुरत होता.

दिवस मावळायला दोन तास होते. नागनाथने होडी कप्पीला बांधली, मागे ओढायचा दोर आमच्या हातात दिला आणि पुरात लोटली. दहा हात गेली, वीस हात गेली. मग मधल्या धारेत शिरली आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, होडी वर आली. आधी नाक, मग पोट. होडीच्या खाली पाणी आणि होडी यांच्यामध्ये उजेड दिसला, वीतभर. तार सैल पडली. पूर खालून धावत होता आणि नागनाथ वर बसला होता. आश्रुबाने दोन्ही हात जोडले. बांधावर परतलेल्या माणसांनाही दिसलं, की नाव म्हणजे खरंच होडी होती. मला त्या क्षणी आनंद झाला असं सांगायला आवडलं असतं. पण मी फक्त डाव्या पायाकडे पाहत होतो.

सगुणाबाई आणि लेक होडीत बसली. येताना वजन वाढलं होतं, तरी मधल्या धारेत होडी पुन्हा उचलली गेली. तेव्हाच काथ्या सुटला. पंख एका बाजूने निसटला, होडी तिरपी झाली आणि पाणी आत घुसायला लागलं. सगुणाबाईची किंकाळी आली. नागनाथने वरची तार दोन्ही हातांनी धरली आणि होडीतून बाहेर लोंबकळला, तेवढंच वजन कमी व्हावं म्हणून. आम्ही दोर ओढत होतो, हाताची सालटं निघेपर्यंत. होडी सरकायची तशी कप्पी त्याच्या हातांकडे सरकायची. त्याला ती दिसत होती. त्याने तार सोडली नाही.

होडी काठाला लागली तेव्हा लेक आजीच्या कमरेला बिलगली. तारेला लोंबकळतच काठाला आलेल्या नागनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं कप्पीत गेली होती. पंख वाहून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या वाडीतून धूर निघाला, चार घरांचा. सगुणाबाई तो पाहत दारात बसून राहिली.

नागनाथने पुन्हा पंख केला नाही. बुडबुडे दाबायची बोटंच ती होती. पुढे डाव्या हाताने टाक्यांची भोकं बुजवायचा, रसवंतीच्या गाड्यांची टपं दुरुस्त करायचा. नदीवर पूल झाला. त्या दुपारबद्दल, माझ्या ‘न्हाई’बद्दल, तो सोळा वर्षांत एक अक्षर बोलला नाही. माझ्या घरी चहाला यायचा, सगुणाबाईच्या लेकीला माझ्याकडे शिकवणीला पाठवायचा. तो येताना दिसला की मला दरवेळी वाटायचं, आज बोलणार. ही भीती सगळ्यांत वाईट. मारणारे निघून जातात, ही राहते.

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला बातमी आली, की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वस्तीत सगळे विहारासमोर जमले. शाळेतला फळा आणून उभा केला, मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहायचं ठरलं, आणि अर्थातच लिहिणार मी. खडू घेतला. नागनाथ शेजारी येऊन उभा राहिला. दाढी पिकलेली, उजवा हात सवयीने पाठीमागे.

मी नाव लिहून काढलं. एक वेलांटी चुकली नाही. नागनाथने सावकाश, अक्षर अक्षर लावत ते वाचलं. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, “मी होडीच लिवा म्हनलो व्हतो, गुरुजी.”

तो फळ्याकडेच पाहत होता. आवाजात राग नव्हता.

“बरं लिवलंय,” तो म्हणाला. “या खेपेला खाली तुमचं नाव घाला.”

लोक टाळ्या वाजवत होते. मी खाली वाकलो आणि फळ्याच्या कोपऱ्यात माझं नाव लिहायला घेतलं. चार अक्षरांना फार वेळ लागला.